आजी-आजोबांना काम द्या!

सिंगापूरच्या अगदी उत्तरेला, मलेशियातल्या जोहोर बारूला जोडणारा कॉजवे जिथून सुरू होतो, ते आमचं वुडलँड्स. पर्यटकांच्या यादीत हे नाव सहसा नसतं. इथे मर्लायन नाही की झगमगाट नाही. सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या इमारती, आणि त्यात राहणारी साधी नोकरदार माणसं. पण ॲडमिरल्टी मेट्रो स्टेशनला लागून असलेली इथली एक इमारत मात्र जगभर गाजली. तिचं नाव 'कामपुंग ॲडमिरल्टी'. कामपुंग म्हणजे मलय भाषेत गाव. २०१८ मध्ये तिचं औपचारिक उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी वर्ल्ड आर्किटेक्चर फेस्टिव्हलमध्ये ती वर्षातली सर्वोत्तम इमारत ठरली.

आत काय आहे? ज्येष्ठांसाठी १०४ छोटी घरं. तळमजल्यावर मोकळा चौक, त्याच्या वर सुमारे ९०० जणांची बसायची सोय असलेलं हॉकर सेंटर, म्हणजे स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांचं एकत्र दालन. त्याच्या वर दवाखाना. आणखी वर ज्येष्ठांचं केंद्र आणि लहान मुलांचं पाळणाघर, मुद्दाम शेजारी शेजारी ठेवलेलं. आणि गच्चीवर चक्क भाजीचा मळा. म्हातारी माणसं एका टोकाला आणि मुलं दुसऱ्या टोकाला अशी वाटणी न करता दोघांची जाण्या-येण्याची वाट एकच केली, एवढीच काय ती युक्ती.

या इमारतीवर लिहावंसं वाटलं, कारण 'हल्लीची मुलं' आणि 'जुनी माणसं' हे दोन शिक्के आपल्या घरांत फार सहज वापरले जातात, आणि माझ्या मते परदेशातल्या मराठी घरांत जरा जास्तच.

आपल्या गावाकडून येणारी पाहुणे मंडळी इथे आल्या आल्या पहिला शिक्का मारतात तो हॉकर सेंटरमध्ये. सत्तरीच्या आसपासचे काका-मावशी टेबलं पुसताना, ताटं उचलताना दिसतात. लगेच हळहळ सुरू होते, "बघा, मुलं विचारत नसणार. पैसा आला की असंच होतं." काहींवर नाइलाजाने काम करायची वेळ येते हे खरंच आहे. पण इथलं गणितही वेगळं आहे. महाराष्ट्रात बहुतेक सरकारी कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. इथे निवृत्तीचं वय ६३ आणि पुनर्नियुक्तीची मर्यादा ६८ होती. १ जुलै २०२६ पासून ती अनुक्रमे ६४ आणि ६९ ठरली आहे. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा चार माणसांत असलेलं बरं, म्हणून काम करणारेही इथे आहेत. तेव्हा समोरचे काका यातले नेमके कोणते, हे त्यांच्या हातातल्या फडक्यावरून कळत नाही.

दुसरा आवडता दाखला कायद्याचा. "सिंगापूरमध्ये म्हणे आईबापांना सांभाळायला कायदा करावा लागला!" हो, १९९५ मध्ये केला. मुलं खर्च देत नसतील तर आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण त्याच धर्तीचा कायदा भारतानेही २००७ मध्ये केला, हे सांगणाऱ्याला बहुधा माहीत नसतं. दोन्ही समाज 'आम्ही वडीलधाऱ्यांना मान देतो' असं अभिमानाने म्हणणारे, आणि दोघांनाही कायदा करावासा वाटला. तेव्हा आपण फार टेंभा मिरवू नये, हे बरं.

इथले ज्येष्ठही शिक्के मारण्यात मागे नाहीत. तरुणांना ते 'स्ट्रॉबेरी पिढी' म्हणतात. शब्द मूळ तैवानचा. दिसायला छान, पण जरा दाब पडला की चेपणारी. आपल्याकडे म्हणतात ना, "आम्ही पाच मैल चालत शाळेत जायचो", त्याचीच ही चिनी आवृत्ती. आणि तरुणांकडून उत्तर तयारच असतं: म्हाताऱ्यांना बदल नको असतो, फोन वापरता येत नाही, हेका सोडत नाहीत. वाक्यं तीच, फक्त भाषा वेगळी.

पण भाषा वेगळी होणं ही इथे साधी गोष्ट नाही. १९७९ मध्ये सिंगापूर सरकारने 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली. तोवर चिनी घरांत होक्कियन, तिओचू, कँटोनीज अशा बोली चालायच्या. हळूहळू दूरदर्शनवरूनही त्या गेल्या. मोहिमेमागे शिक्षणाचा, एकोप्याचा विचार होता आणि मँडरिन रुजलीही. पण अनेक घरांत आजीला फक्त होक्कियन येते आणि नातवाला इंग्रजी व मँडरिन, अशी अवस्था झाली. एका टेबलावर जेवणारी दोन माणसं, बोलणार काय? पुढे २०१६ मध्ये ज्येष्ठांपर्यंत सरकारी योजनांची माहिती पोहोचवायची वेळ आली, तेव्हा त्याच होक्कियनमध्ये एक टीव्ही मालिका काढावी लागली. तिच्या नावाचा अर्थ काय, तर 'जेवलात का?' हे वाचून मला हसू आलं आणि पाठोपाठ जरा धस्सही झालं. कारण सांगलीहून येणाऱ्या प्रत्येक व्हिडिओ कॉलचं पहिलं वाक्य तेच असतं. आणि पुष्कळदा शेवटचंही.

आमच्या घरात हा प्रश्न अगदी दाराशी आहे. इथल्या शाळांत मुलांना इंग्रजीबरोबर 'मातृभाषा' शिकावी लागते. भारतीय मुलांसाठी तमिळ, आणि तिच्याशिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी व उर्दू असे पर्याय आहेत. मराठी त्यात नाही. त्यामुळे माझ्या आठ वर्षांच्या मुलीची कागदावरची मातृभाषा हिंदी. माझे वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, त्यांचं इंग्रजी कामापुरतं, हिंदी सिनेमापुरती. त्यात वेळेचं त्रांगडं. आपल्यापेक्षा इथलं घड्याळ अडीच तास पुढे. त्यांची जेवणं आटोपून निवांत रात्रीचे आठ होतात, तेव्हा इथे साडेदहा झालेले, पोरगी झोपलेली. मग उरतात रविवारची दहा मिनिटं. "शाळा कशी आहे?" "छान." "अभ्यास करतेस ना?" "हो." "जेवलीस?" "हो." संपलं. त्यानंतर बाबा मला म्हणणार, "हल्लीच्या मुलांना बोलायलाच नको असतं." आणि मुलगी म्हणणार, "ओल्ड पीपल ऑलवेज आस्क द सेम थिंग." दोघांची तक्रार मधल्या पिढीकडे, म्हणजे माझ्याकडे. आमची पिढी म्हणजे निव्वळ मधला सर्व्हर. इकडचा निरोप तिकडे, तोही थोडा साखर लावून.

मागच्या जूनच्या सुट्टीत आई-बाबा आले. दहा दिवसांत सेंटोसा झालं, पक्षी झाले, प्राणी झाले. फोटो भरपूर निघाले, पण आजोबा आणि नात फोटोपुरतेच शेजारी उभे राहत. मग एका संध्याकाळी काहीच ठरवलेलं नव्हतं म्हणून कामपुंग ॲडमिरल्टीच्या गच्चीवर गेलो. तिथे एक चिनी अंकल कढीपत्त्याच्या रोपाजवळ चिंतेत उभे होते. पानं पिवळी पडलेली. बाबा थांबले, खाली वाकले, आणि मुलीला म्हणाले, "त्यांना सांग, आंबट ताक घाला. आणि शेंडा खुडा."

मी बोलणार होतो, पण फोन आला म्हणून बाजूला गेलो. तिला बाजू एकटीनेच सांभाळावी लागली. ताक तिने 'सार वॉटरी योगर्ट' करून टाकलं. 'खुडा'पाशी गाडी अडली. "आजोबा, खुडा म्हणजे?" त्यांनी दोन बोटांत शेंडा धरून नखाने तोडून दाखवला. अंकल हसले, त्यांनी उलटा प्रश्न विचारला, तो तिने मराठीत आणला. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. घरी येताना दोघं पुढे आणि आम्ही मागे.

दुसऱ्या दिवशी नर्सरीतून एक रोप आलं. आमच्या मजल्यावरच्या सामाईक कॉरिडॉरमध्ये दाराशेजारी कुंडी ठेवली. आता रविवारच्या कॉलवर आधी कुंडीसमोर कॅमेरा जातो. "नवीन पानं किती? मुंगळे आहेत का? ताक घातलंस?" "घातलं. खुडू का?" "अगं थांब, अजून आठवडा जाऊ दे." कधी वीस मिनिटं होतात, कधी तीस. जेवणाची चौकशी राहूनही जाते.

सगळं गोडगोड झालं असं मुळीच नाही. ती टॅबलेटवर फार वेळ घालवते, हे बाबांचं म्हणणं कायम आहे. आजोबा टीव्ही फार मोठ्याने लावतात, हे तिचंही. पण आता ही तक्रार 'हल्लीच्या मुलां'बद्दल किंवा 'ओल्ड पीपल'बद्दल नसते. तिच्याबद्दल असते, त्यांच्याबद्दल असते. माणूस ओळखीचा झाला की त्याच्यावर रागावतासुद्धा नावानिशी येतं.

सिंगापूर सरकारला जवळ राहण्याची किंमत कळलेली दिसते. आईवडिलांसोबत राहण्यासाठी जुनं एचडीबी घर घेणाऱ्या नागरिक कुटुंबाला ३० हजार डॉलर अनुदान मिळतं, आणि ४ किलोमीटरच्या आत घर घेतलं तर २० हजार. आपल्यासारख्या परदेशस्थांना ही सोय कुठली! आपलं अंतर हजारो किलोमीटरचं. पण कामपुंग ॲडमिरल्टीतली युक्ती आपल्याला उचलता येते: दोन पिढ्यांना समोरासमोर बसवून 'बोला' म्हणू नका, दोघांना मिळून एखादं काम द्या.

येत्या सुट्टीत आई-बाबा येणार असतील तर सहलींच्या यादीतले दोन दिवस कोरे ठेवा. बाजारात आजीबरोबर नातवाला पाठवा, भाव त्यालाच विचारू दे. आपण दुभाषे व्हायची घाई करू नका. शब्द अडला तर अडू दे, तो त्यांचा ते सोडवतील. आणि ज्यांचं येणं होणार नसेल त्यांच्यासाठी फोनवर जमेल असं काहीतरी शोधा. एखाद्या घरी ती कुंडी असेल, एखाद्या घरी थालीपीठ, आणखी कुठे बुद्धिबळाचा पट. आमच्या कढीपत्त्याला सध्या चौदा फांद्या आहेत. पोह्यांच्या फोडणीसाठी पानं तोडायची असतील, तर आधी सांगलीहून परवानगी घ्यावी लागते.