पिवळ्याचे दोन अर्थ

पावसाळ्यात हवामान विभागाच्या इशाऱ्याच्या नकाशावर पालघर जिल्हा पिवळा झाला, की विरार-नालासोपाऱ्यातले चाकरमानी लोकलच्या काळजीला लागतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे तातडीने पावले उचला. त्याच विभागाचा दुसरा नकाशा पाऊस सरासरीपेक्षा किती कमी-जास्त झाला ते दाखवतो. तिथे पिवळा जिल्हा म्हणजे पावसाची ६० ते ९९ टक्के तूट. २० ते ५९ टक्के तूट असेल तर रंग लाल.

म्हणजे तूट वाढली, की लालाचा पिवळा होतो! डोळ्याला हे उलटे वाटते, आणि ते साहजिक आहे.

हिरवा मोठा की नारिंगी, हे डोळा ठरवू शकत नाही. फिकट आणि गडद यांचा क्रम मात्र तो न शिकवता लावतो. इंद्रधनुषी रंगपट्टीत सर्वांत उजळ पिवळा मधेच येतो, त्यामुळे आकड्यांत नसलेल्या कडा नकाशावर उमटतात. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांची अडचण तर आणखी मोठी. या दोषाची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत जास्त आढळतो.

अमेरिकी भूगोलतज्ज्ञ सिंथिया ब्रूअर यांनी २००२ मध्ये ‘कलरब्रूअर’ हा रंगपट्ट्यांचा संच खुला केला. ‘आर’ या संख्याशास्त्रीय प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तो ‘आरकलरब्रूअर’ नावाने मिळतो. वसईची मिठागरे, केळीच्या वाड्या, तुंगारेश्वरचे जंगल दाखवायचे तर वेगवेगळे रंग हवेत, कारण त्यांत लहान-मोठे काही नाही. पावसाच्या मिलिमीटरना एकाच निळ्याच्या चढत्या छटा शोभतात. २०१५ मध्ये आलेली ‘व्हिरिडिस’ ही गर्द जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंतची पट्टी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही क्रम सोडत नाही.

सरासरीपासूनच्या फरकाला मात्र दोन बाजू असलेली पट्टी लागते : एका टोकाला सुकल्या मातीचा तपकिरी, दुसऱ्या टोकाला हिरवट निळा, मधे जवळपास पांढरा. इथे एक चूक हमखास होते. समजा, तालुक्यांचे आकडे उणे ३० ते अधिक ८० टक्के आहेत. पट्टी तशीच ताणली, तर पांढरा रंग अधिक २५ वर जातो आणि दहा टक्के जादा पाऊस झालेला तालुका तपकिरी, म्हणजे कोरडा दिसतो. कोडमध्ये मर्यादा उणे ८० ते अधिक ८० अशा लिहिल्या, की पांढरा शून्यावर येतो आणि तो तालुका फिकट निळसर होतो.