इरफानला कोणती श्रेणी मिळाली?

गोदावरीकाठच्या कोपरगावचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. तिथे बेट भागात शुक्राचार्यांचं जुनं मंदिर आहे. संजीवनी विद्या शिकायला कच शुक्राचार्यांकडे आला तो इथेच, असं गावकरी मानतात. आजच्या आपल्या कोड्यातली चार मुलंही विद्या शिकायलाच एस.टी.नं कोपरगावला येतात. मुलं कल्पनेतली आहेत हं, गावं मात्र खरी!

सायली, रेणुका, मंगेश आणि इरफान. संवत्सर, कोळपेवाडी, चासनळी आणि पोहेगाव या चार गावांतून एकेक जण येतो. गणिताच्या चाचणीत चौघांना चार निरनिराळ्या श्रेणी मिळाल्या : अ-१, अ-२, ब-१ आणि ब-२. अ-१ सगळ्यांत वरची, ब-२ सगळ्यांत खालची. पण बाई मोठ्या मिस्कील! त्यांनी निकाल वाचून दाखवलाच नाही. फळ्यावर पाच सूचना लिहिल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्हीच शोधा."

१. ब-१ ही श्रेणी कोळपेवाडीला गेली.
२. सायली संवत्सरची.
३. मंगेशची श्रेणी सायलीच्या वर, पण रेणुकाच्या खाली.
४. मंगेश कोळपेवाडीचा नाही.
५. चासनळीची श्रेणी पोहेगावच्या वर.

आता इथेच थांबा. कागद-पेन्सिल घ्या आणि आधी स्वतः प्रयत्न करा. पुढे डोकावायचं नाही!

झालं? आता मिळून सोडवू. डावीकडे चार नावं लिहा, वर चार श्रेणी. सोळा चौकटी झाल्या. जे शक्य नाही, तिथे फुली मारायची.

तिसरी सूचना बघा. मंगेशच्या वर रेणुका आहे, म्हणजे त्याला अ-१ नाही. खाली सायली आहे, म्हणजे ब-२ही नाही. दोन फुल्या! उरल्या अ-२ आणि ब-१. पण ब-१ कोळपेवाडीची, आणि मंगेश तिथला नाही. तिसरी फुली. म्हणजे मंगेशला अ-२. त्याच्या वर एकच जागा, ती रेणुकाची. म्हणून तिला अ-१. सायली संवत्सरची, तेव्हा तिला ब-१ मिळणार नाही. तिला ब-२. राहिली ब-१, ती इरफानची, आणि तो कोळपेवाडीचा. मग पाचव्या सूचनेवरून रेणुका चासनळीची आणि मंगेश पोहेगावचा.

गंमत पाहिलीत? पाच सूचनांत इरफानचं नावही नव्हतं, तरी त्याची श्रेणी सापडली! ही सगळी फुल्यांची करामत. 'आहे' इतकंच 'नाही' हेही मोलाचं असतं. 'ॲलिस'ची गोष्ट लिहिणारे लुईस कॅरोल गणिताचे शिक्षक होते. त्यांनी १८८६ साली मुलांसाठी तर्काच्या खेळाचं एक पुस्तक काढलं. त्यासोबत एक पट आणि ९ सोंगट्या होत्या. ४ लाल आणि ५ करड्या. लाल सोंगटी म्हणजे 'या घरात कुणीतरी आहे', करडी म्हणजे 'हे घर रिकामं'. म्हणजे 'नाही'साठी एक सोंगटी जास्तच!

आता चौथी सूचना पुसून टाका आणि कोडं पुन्हा सोडवा. एक सोडून तीन उत्तरं येतात. मंगेशला ब-१सुद्धा मिळू शकते, आणि मग अ-१ रेणुकाची की इरफानची, हे ठरत नाही. सायलीची ब-२ तेवढी तिन्ही उत्तरांत कायम. अशा वेळी अंदाजानं एक उत्तर ठोकून देणं चूक. 'एवढ्या माहितीवरून सांगता येत नाही' हेच बरोबर उत्तर. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीचा अभ्यास करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि आई-बाबांनीसुद्धा! महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ना अ-२, ७१ ते ८० ना ब-१ आणि ६१ ते ७० ना ब-२ श्रेणी ठरली. समजा, मंगेशच्या घरी कुणी म्हणालं, "रेणुका बघ, तुझ्या किती पुढे आहे!" खरंच किती पुढे? तिला ९१ आणि मंगेशला ९० गुण असतील, तर अवघ्या एका गुणानं! तिला १०० आणि त्याला ८१ असतील, तर १९ गुणांनी. श्रेणी नुसती वर-खाली सांगते, अंतर सांगत नाही. मग मंगेशला बोलणी कशाच्या आधारावर बसली? सायलीलाही ७० गुण असू शकतात आणि इरफानला ७१. त्या एका गुणासाठी सायलीनं घरी जाताना तोंड का लपवावं?

तेव्हा प्रगतिपुस्तक हातात आलं की आधी विचारा, यातून नक्की काय कळतं आणि काय कळत नाही? पेपर उघडून चुकलेलं गणित एकत्र बसून बघितलंत, तर त्यातून कितीतरी जास्त कळेल.

जाता जाता एक प्रश्न. रेणुका आणि सायली यांच्या गुणांत कमीत कमी किती फरक असेल? आणि जास्तीत जास्त किती?

(उत्तर : कमीत कमी २१, जास्तीत जास्त ३९.)