चेतकाचा धूर कोठें गेला ?

चाकण म्हटलें कीं आमच्या पिढीला दोन गोष्टी आठवत : एक, फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं शाएस्तेखानाविरुद्ध लढविलेला भुईकोट संग्रामदुर्ग, आणि दुसरी, तेथील बाजारांतला कांदा. चिंचवड म्हटलें कीं पवनेच्या कांठचें मोरया गोसाव्यांचें समाधिमंदिर. आज या दोन्ही गांवांच्या पाठोपाठ मोटारींचीं व दुचाकी गाड्यांचीं नांवें ओठांवर येतात. सायंकाळीं पुणें-नाशिक रस्त्यानें चाकणहून भोसरीकडे येणाऱ्या मनुष्यास हा पालट डोळ्यांच्या आधीं नाकाला कळतो.

आमची पुतणी निगडीहून चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस जाते. येऊन-जाऊन चाळीस किलोमीटरांचा पल्ला. गेल्या चैत्रांत तिनें विजेवर चालणारी दुचाकी घेण्याचा बेत घरांत बोलून दाखविला. गाडीचें नांव चेतक. नांव ऐकून माझे धाकटे बंधु हंसले. म्हणाले, "अगं, वीज तरी कशाची होते ? कोळशाचीच ना ? धूर आकुर्डीला निघायचा तो चंद्रपूरला निघेल, इतकेंच !" पुतणी म्हणाली, "बाबा, मग काकांनाच हिशेब करूं द्या." घरांत शिक्षकाचें पेन्शन खाणारा मनुष्य असला म्हणजे अशीं कामें त्याजकडे येतातच.

चेतक हें नांव आमच्या घरास नवें नव्हे. राणा प्रतापाच्या घोड्याचें हें नांव बजाज कंपनीनें १९७२ सालीं आपल्या स्कूटरला दिलें. ती स्कूटर मिळण्यासाठीं लोकांना नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे; ती दारांत उभी राहिली म्हणजे तिला हळदकुंकूं वाहून नारळ फोडीत. परंतु तिचें एंजिन दोन-फेऱ्यांचें. त्यांत पेट्रोलाबरोबरच वंगणाचें तेल मिसळावें लागे, आणि नव्या मिश्रणाचा कांहीं भाग जळण्यापूर्वींच जळलेल्या वायूंबरोबर बाहेर निसटत असे. गाडी चालू करतांना अंगणांत पसरणारा तो निळसर धूर आणि त्याचा वास पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांच्या स्मरणांत असेलच. आम्हीं त्याला कधीं नांवें ठेविलीं नाहींत. तो वैभवाचा वास होता.

आकुर्डीच्या कारखान्यांत गाड्या करण्याचें काम २००७ सालीं थांबलें, आणि २००९ सालीं कंपनीनें स्कूटर करणेंच सोडून देण्याचें जाहीर केलें. पुढें दहा वर्षांनीं, २०१९ च्या आक्टोबरांत, तेंच नांव विजेच्या गाडीला मिळालें. प्रथम ती चाकणला तयार होऊं लागली, आणि २०२२ च्या जूनमध्यें आकुर्डीच्या त्याच जुन्या जागेंत तिच्यासाठीं नवा कारखाना सुरू झाला. जेथून निळा धूर घराघरांत गेला, तेथूनच बिनधुराची गाडी निघाली. कथा येथें संपती तर किती बरें झालें असतें ! पण बंधूंचा प्रश्न शिल्लक राहतो.

तेव्हां हिशेब. इंधन हा शब्द इन्ध्, म्हणजे पेटणें, या धातूपासून झाला आहे; आणि जीवाश्म म्हणजे दगड झालेला जीव. कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या वनस्पतींनीं व सूक्ष्म जीवांनीं सूर्याच्या उन्हावर जो कर्ब अंगीं साठविला, तो जमिनीखालीं गाडला जाऊन त्याचा कोळसा व तेल झालें. एक लिटर पेट्रोलाचें वजन सुमारें पाऊण किलो; त्यांत कर्ब साडेसहाशें ग्रॅमच्या आंतबाहेर. जळतांना कर्बाच्या दर बारा भागांना हवेंतील प्राणवायूचे बत्तीस भाग येऊन मिळतात, व चव्वेचाळीस भाग कर्बद्विप्राणिल वायु होतो. म्हणून पाऊण किलो तेलांतून सव्वादोन किलोंहून अधिक वायु बाहेर पडतो. वर्गांत हें सांगितलें म्हणजे मुलें नेहमीं विचारीत, "सर, वजन वाढलें कसें ?" वजन वाढत नाहीं, तें आपल्याच श्वासाच्या हवेंतून घेतलेलें असतें. हा वायु विषारी नव्हे, दिसत नाहीं, वास येत नाहीं. पण पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता तो अडवून धरतो, आणि वातावरणांत शतकानुशतकें टिकतो. निळ्या धुराहून हा न दिसणारा भाग अधिक भयंकर, तो एवढ्याचसाठीं.

पुतणीचे रोजचे चाळीस किलोमीटर पेट्रोलच्या स्कूटरनें गेले, तर लिटरास पंचेचाळीस धरून सुमारें दोन किलो वायु. विजेच्या गाडीला तेवढ्या अंतरास, बॅटरी भरतांना होणारी तूट धरून, सुमारें दीड युनिट वीज पुरते. आपल्या देशांत सरासरी एका युनिटामागें सात-सव्वासातशें ग्रॅम वायु सुटतो. म्हणजे सव्वा किलोहूनहि कमी. बंधूंच्या समाधानासाठीं सगळीच वीज कोळशाची धरली, आणि युनिटास एक किलो लाविला, तरी दीड किलोच. एंजिनांत पेट्रोलाच्या उष्णतेचा बराच मोठा भाग फुकट जातो, आणि मोटर विजेचा बहुतेक भाग चाकाला देते. फरक पडतो तो त्यामुळें. बॅटरी बनवितांनाहि इंधन जळतें, हें खरें. पण रोज चालणाऱ्या गाडीचें तें देणें कालांतरानें फिटतें.

म्हणजे पुतणीचा पक्ष खरा ठरला, पण बंधूंचा पक्ष खोटा ठरला नाहीं. चंद्रपूरचें औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचें, महानिर्मितीचें सर्वांत मोठें. त्याची राख आणि त्याचा गंधकी धूर तेथील लोकांच्या अंगणांत पडतो. निगडीची हवा स्वच्छ झाली म्हणून आपण समाधान मानावें, आणि चंद्रपुरांतल्या आजीनें वाळत घातलेल्या धोतरावर राख पडावी, हा व्यवहार मला तरी सरळ वाटत नाहीं.

मग कोळशावांचूनची वीज ? ती आपल्या जिल्ह्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. टाटांनीं मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीस धरण बांधलें. तेथलें पाणी सह्याद्रीवरून खालीं भिरा येथें सोडून १९२७ सालीं वीज सुरू झाली. ना धूर, ना राख. पण त्या पाण्याखालीं मावळ्यांचीं भाताचीं शेतें, घरें व देवळें गेलीं. १९२१ सालीं सुरू झालेला, सेनापति बापटांच्या नांवाशीं कायमचा जोडला गेलेला मुळशीचा सत्याग्रह याच विजेविरुद्ध होता. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, आणि जें पाणी एरवीं मुळेंतून भीमेकडे वाहिलें असतें तें कोकणांत उतरलें. पवना दापोडीपाशीं मुळेस मिळते, तेथें पुलावर उभें राहिलें म्हणजे मला या गोष्टीची हटकून आठवण होते. स्वच्छ विजेचें मोल कोणी दिलें, हें विचारल्यावांचून तिला स्वच्छ म्हणूं नये.

मधले मार्गहि निघाले आहेत. ५ जुलै २०२४ रोजीं पुण्यांत बजाज कंपनीनें नैसर्गिक वायूवर चालणारी मोटारसायकल बाहेर काढली. तेवढ्याच उष्णतेला हा वायु पेट्रोलाच्या सुमारें तीनचतुर्थांश कर्बवायु सोडतो. पण तोहि भूगर्भांतलाच, आणि न जळतां गळला तर उष्णता अडविण्यांत कर्बद्विप्राणिलाहून कैक पटींनीं जबर. मोशीस पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचें कचऱ्यापासून वीज करण्याचें केंद्र १ ऑगस्ट २०२३ रोजीं सुरू झालें. कचऱ्याचे डोंगर कमी होत असतील तर आनंदच आहे. मात्र त्यांत जळणारें प्लास्टिक हें रूप बदललेलें खनिज तेलच होय, हें विसरूं नये.

राहतां राहिलें आपलें छप्पर. एक किलोवॅटच्या सौरपट्ट्या आपल्याकडे दिवसास सरासरी चार युनिटें देतात; पुतणीच्या गाडीला लागतात दीड. आषाढ-श्रावणांत उत्पन्न बरेंच घटतें, तरी तेवढें निघावें. २०२४ पासूनच्या सूर्यघर योजनेंत तीन किलोवॅटपर्यंत अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांचें सरकारी साहाय्य आहे. येथें ना शेत बुडत, ना कोणाच्या धोतरावर राख पडत.

हें सर्व मीं जेवणाच्या पंक्तींत वाचून दाखविलें. बंधु म्हणाले, "गाडी घ्या, पण पट्ट्या बसवून घ्या." तंटा मिटला असें वाटलें, तोंच आमच्या वहिनी वाटी खालीं ठेवून म्हणाल्या, "आणि माझ्या कुरडया कोठें वाळवायच्या ?" गच्चीची दक्षिणेकडील बाजू, जेथें दिवसभर ऊन असतें, ती गेलीं तीस वर्षें त्यांच्या ताब्यांत आहे. दुसऱ्या दिवशीं पुतणी टेप घेऊन वर गेली. मापें घेतलीं; पट्ट्या कमरेच्या वर उंच लोखंडी घडवंचीवर बसवावयाच्या, आणि पूर्वेकडची दोन खणांची जागा कुरडयांना मोकळी सोडावयाची, असें ठरलें. घडवंचीचा खर्च अंदाजापेक्षां वाढला. तो बंधूंनीं दिला.