धावदोऱ्याची बाजू

घरगुती सुईकामावर लिहिणारी बहुतेक मंडळी शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: आजच्या मुलींना हौस नाही, वेळ नाही, हातात सदा मोबाइल. माझं या मंडळींशी जुनं भांडण आहे. आम्ही तरुण होतो तेव्हा आमच्याबद्दलही हेच बोललं जायचं. मोबाइलच्या जागी तेव्हा सिनेमा होता. सुईकामाची हौस कुठेही गेलेली नाही. ती एका कामातून दुसऱ्या कामात जाते, माझीही तशीच जात आली. घरातून गेलं आहे ते सुती कापड, आणि त्याच्याबरोबर चालली आहे आपली सगळ्यात मोठी घरगुती कला. तिच्याकडे येतेच, पण क्रमाने.

शाळेतला शिवणाचा तास वाचकांना समजावून सांगायला नको. मॅटीच्या तुकड्यांवर धावदोरा, टीप, साखळी, गव्हाचा टाका, काजटाका असं सगळं घालून त्यांची वही करायची, आणि बाईंनी आधी उलटी बाजू पाहायची. १९३७च्या वर्धा योजनेने शाळांत टकळी आणली, पण मुलींच्या हातात सुई त्याच्या कितीतरी आधी आलेली होती. १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाकडे बाईच्या पोटापाण्याचं साधन म्हणून पाहिलं गेलं. १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं, वाचणाऱ्या बायकांचा वर्ग वाढला, आणि पुढे मासिकांच्या पानांवर विणकामाचे नमुने येऊ लागले ते याच वर्गासाठी. सिंगर आणि उषा या दोन यंत्रांनी किती घरांचा प्रपंच चालवला, किती मुलांच्या फिया भरल्या, यावर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा. इथे फक्त नमस्कार करून पुढे जाते.

मोत्यांची तोरणं, वायरच्या पिशव्या, सुंभाची मॅक्रमेची शिंकी यांच्या लाटा आल्या आणि गेल्या. मीही ते सगळं केलं. त्या कामांनी हाताला काही नवं शिकवलं असं मला वाटत नाही.

लोकरीचं विणकाम मात्र मनापासून केलं. सुलट-उलट या दोनच टाक्यांतून गुंफलेल्या वेण्या, हिऱ्याची वीण, जाळी असं सगळं निघतं, हे कळलं की दोन सुया खाली ठेववत नाहीत. पण आपली हवा स्वेटरची नाही. पुणं-नाशिक सोडलं तर आपल्याकडे लोकर टिकली ती बाळाच्या टोपड्यापुरती आणि मोज्यांपुरती, आणि बाजारात तयार अॅक्रिलिकचे स्वेटर आले तेव्हा मोठ्या मापाचं विणणं थांबलं. त्यात दुःख करण्यासारखं काही नाही.

क्रोशाचं तसं नाही. क्रोशावर मी जीव टाकला आणि अजून टाकते. एक आकडा, एक दोरा, साखळी आणि खांब. बाकी सारा विस्तार याच भांडवलावर. यंत्रयुगाला क्रोशा आजतागायत जमलेला नाही. विणकामाची यंत्रं आहेत, लेस विणणारी आहेत, भरतकामाची आहेत. पण हातचा क्रोशा जसाच्या तसा काढणारं यंत्र कारखान्यांत नाही. दुकानात क्रोशाचा म्हणून स्वस्त टॉप टांगलेला दिसतो, तो एक तर यंत्रावरची दुसरीच वीण असते, नाहीतर कुणा बाईने अगदी कवडीमोलाने केलेला असतो. या कवडीमोलाला मोठा इतिहास आहे. १८४५नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या रोगाने दुष्काळ पडला, तेव्हा जोगिणींच्या मठांतून मुलींना क्रोशाची लेस शिकवली गेली आणि त्या लेसवर घरंच्या घरं जगली. त्याच शतकात आंध्रच्या नरसापूर भागात मिशनऱ्यांनी हे काम रुजवलं. मारिया मीस यांनी १९८२ साली तिथल्या लेसवाल्या बायकांवर पुस्तक लिहिलं. माल परदेशी जातो, पण बाई घरात बसून करते म्हणून तिला कामगार कुणी म्हणत नाही. ती गृहिणी, आणि तिचं काम फावल्या वेळचं. मीस यांनी हे मांडलं त्याला चार दशकं झाली. आजही क्रोशाच्या रुमालाची किंमत सांगितली की आपली शिकलेली माणसं ‘एवढे?’ म्हणतात, तेव्हा मला त्या पुस्तकाची आठवण होते.

क्रोशाला बुद्धीचं काम न मानणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी अतिवलयी प्रतल, म्हणजे ज्यात एका रेषेला एकाच बिंदूतून अनेक समांतर रेषा जातात असा पृष्ठभाग, क्रोशाने विणून दाखवला. कागदाची प्रतिकृती फाटायची, यांची हातात धरून पाहता येई. युक्ती काय, तर ठरावीक खांबांनंतर दर वेळी एक खांब वाढवत जायचं. झालर पाडणारी प्रत्येक बाई हेच करते. २०१६ साली चेन्नईत शेकडो बायकांचं काम जोडून अकरा हजार चौरस मीटरांहून मोठं पांघरूण करण्यात आलं आणि त्याचा जागतिक विक्रम झाला. मला विक्रमांपेक्षा, आकड्याने बाहुल्या विणणाऱ्या आणि एकमेकींना टाके शिकवणाऱ्या आजच्या कॉलेजच्या मुलींचा आनंद जास्त आहे. हौस गेली म्हणणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहावं.

कर्नाटकी कशिद्याबद्दल थोडंच. इरकलीच्या पदरावर कापडाचे धागे मोजत घातलेली गोपुरं, रथ, हत्ती ज्याने जवळून पाहिले, त्याला बाकीचं भरतकाम थोडं सैल वाटू लागतं. गवंतीचा टाका दोन्हीकडून सारखा दिसतो, कुठे गाठ मारायची नाही, रेखाटन छापायचं नाही. सोलापूर-कोल्हापूरकडच्या बायका हा कशिदा भरत आल्या आणि धारवाडकडे तो अजून भरला जातो. माझी दृष्टी त्याने घडवली, हे ऋण आहे.

आणि आता गोधडी.

आमच्याच क्षेत्रातल्या काही जाणत्यांनी मला वर्षानुवर्षं सांगितलं की गोधडी ही कला नव्हे, ती गरज. जुनं कापड, सगळ्यात साधा टाका, नक्षीचा आग्रह नाही. त्यात पाहायचं काय? १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ झालं, पुढे प्रदर्शनं भरली, पुरस्कार आले. त्या झगमगाटात आमची वाकळ कधी पुढे आल्याचं मला आठवत नाही. विकायला न केलेल्या वस्तूची या देशात कलेत गणना होणं अवघडच असतं.

गोधडी करताना पाहिलेल्या माणसाला ती साधी वाटणार नाही. दुपारी सारवलेल्या जमिनीवर आधी तळाचं लुगडं पसरायचं, नऊवारी, पुष्कळदा धुऊन मऊ झालेलं. त्यावर धोतरांचे, सदऱ्यांचे, फाटक्या पातळांचे थर, आणि जिथे कापड विरलेलं तिथे ठिगळ जास्त. थर सगळीकडे सारखा लागला पाहिजे, नाहीतर पांघरणाराला रात्री तो खड्डा लागतो. वर चांगल्यातलं चांगलं लुगडं, काठ कडेला येतील असं. हाताने सुरकुत्या सारायच्या, कच्चे टाके घालायचे, आणि मग कडेपासून धावदोरा सुरू. चौकोनाच्या आत चौकोन घेत मध्याकडे जायचं. दोऱ्याची ओढ जरा जास्त झाली तर कापड गोळा होतं, कमी झाली तर थर सरकतात. ती ओढ हजारो टाके सारखी ठेवणं हे गोधडीचं खरं कौशल्य, आणि ते चित्रात दिसत नाही, हात फिरवल्यावर कळतं. बाळाच्या दुपट्याला तर नवं कापड घ्यायचंच नाही. आजीचं सगळ्यात विरलेलं पातळ त्यासाठी राखून ठेवलेलं असे.

आपल्या शेजारी, उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी करतात. आफ्रिकी वंशाची, घरात कोकणी बोलणारी ही माणसं; त्यांचे पूर्वज गोव्यातल्या गुलामीतून पळून तिथे पोचले असं सांगितलं जातं. त्यांची कवंदीही कडेकडून आत शिवली जाते, रंगीत तुकडे शिवताशिवता लावले जातात, आणि चारही कोपऱ्यांत घड्या घातलेल्या कापडाची ‘फुलं’ लागल्याशिवाय ती पुरी होत नाही. फुलांविना कवंदी त्यांच्या लेखी नागडी. या कवंद्यांची अमेरिकेत प्रदर्शनं झाली. त्याच अमेरिकेत अॅलाबामातल्या गीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णी बायकांच्या, जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या आणि २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. प्रत्येक गोधडीखाली करणारीचं नाव होतं. बंगालमध्ये गुरुसदय दत्तांनी गावोगाव फिरून तिकडच्या गोधड्या, म्हणजे कांथा, जमवल्या; कोलकात्याजवळच्या त्यांच्या संग्रहालयात मानदासुंदरी दासीची कांथा आहे, आणि तिच्यावर तिने आपलं नाव भरलेलं आहे. एकोणिसाव्या शतकातली ही बाई आज आपल्याला नावाने माहीत आहे. मी पाहिलेल्या मराठी गोधड्यांत एकीवरही नाव सापडलेलं नाही.

गोधडी बायकांच्या आळसाने मागे पडली हे मला मान्य नाही. नायलॉन आलं, टेरीकॉट आलं, पॉलिएस्टरचं पातळ आलं. ते लगेच वाळतं, खळ नको, इस्त्री नको, वर्षानुवर्षं फाटत नाही. सकाळची लोकल गाठणाऱ्या बाईने ते घेतलं यात तिचा काय दोष? पण त्या पातळाची गोधडी होत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपला जात नाही, आणि कितीही धुतलं तरी मऊ होत नाही. जी काही सुती लुगडी शिल्लक होती तीही बोहारणीच्या टोपलीत गेली आणि बदल्यात स्टीलचे डबे आले. जानेवारी १९८२मध्ये गिरणी संप सुरू झाला, मुंबईच्या बहुतेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत, आणि गिरणीचं स्वस्त सुती कापड घरातून आणखी कमी झालं. गोधडी शिवायला हात होते, पोटात घालायला कापड नव्हतं.

आता दुकानांतून ‘पारंपरिक गोधडी’ मिळते. वर छापील कापड, आत पॉलिएस्टरचा पिंजलेला थर, सगळी टीप यंत्राची. थंडीत ऊब देत असेल, पण तिला गोधडी म्हणून विकणं ही फसवणूक आहे. काही गावांतून बायकांचे गट सुती कापडावर हाताने काम करत आहेत. त्यांच्याकडून घ्या, आणि मजुरीवर घासाघीस करू नका.

माझं वाचकांकडे एवढंच मागणं आहे. घरात जुनी गोधडी असेल तर ती पोटमाळ्यावरून काढा, उन्हात घाला, ड्रायक्लीनला देऊ नका. करणारी कोण होती हे सांगणारं माणूस घरात असेल तोवर त्याला विचारून घ्या. मग सुई घ्या आणि एका कोपऱ्यात, आतल्या बाजूला, तिचं नाव, गाव आणि साल दोऱ्याने भरून ठेवा. धावदोरा पुरे.