प्रकाशाची साक्ष

विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास आले होते. हेलियमचा शोध येथेच लागला असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा लॉकियर यांनी पाहिली १८६८ साली, आणि तीही इंग्लंडात. पृथ्वीवर तो वायू रॅम्झे यांच्या हाती लागला १८९५ मध्ये. प्रकाशाने दिलेली साक्ष पक्की होण्यास सत्तावीस वर्षे लागली!

प्रकाश वाचण्याची हीच रीत आज प्रयोगशाळेत हातभर जागेत वापरतात. आपला जांभा तांबडा दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. अशा ऑक्साइडची वडी निर्वात पात्रात ठेवून तिच्यावर सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता लेसरचा झोत सोडला, की पृष्ठभागाची क्षणात वाफ होते आणि तेजस्वी लोळ उसळतो. समोर काच धरली, तर तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. विजेच्या सूक्ष्म उपकरणांसाठी असे थर हवे असतात.

या लोळात काय असते? आरंभी सलग वर्णपट दिसतो; मग विद्युत्भारित अणूंच्या रेषा, पुढे साध्या अणूंच्या, आणि लोळ निवू लागला की रेणूंचे पट्टे. वडीपासून दोन सेंटिमीटरवर एखादी रेषा दोन मायक्रोसेकंदांनी उजळली, तर तो अणू सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने आला, हा हिशेब आपणही करू शकतो.

मात्र येथे एक अडचण आहे. थरात ऑक्सिजन कमी पडला, तर त्याचे विद्युत्गुण पालटतात. म्हणून पात्रात थोडा ऑक्सिजन सोडतात. त्यावर आदळून लोळ मंदावतो आणि त्याची कड अधिक उजळते. तेवढ्यावरून तेथे अणू वाढले असे समजणे चुकीचे. कारण प्रकाश देतात ते उत्तेजित अणूच, बाकीचे मुकाट्याने निघून जातात. त्यांची मोजदाद करण्यास अणूंचे वस्तुमान तोलणारे यंत्र लागते, आणि शेवटी थरही तपासावा लागतो.

कोण आले हे प्रकाश सांगतो. किती आले हे दुसऱ्या साक्षीदाराला विचारावे लागते. सूर्याच्या बाबतीत जे खरे ठरले, तेच या इवल्या लोळाच्या बाबतीतही खरे आहे.