तेलविहिरीचाही ‘ईसीजी’ काढतात!

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने केलेल्या खोदकामात तिथे तेल लागले. समुद्रतळाखाली तेलाचे तळे असते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हे तेल चुनखडीच्या खडकातील बारीक छिद्रांत, स्पंजात पाणी मुरावे तसे मुरलेले असते.

ते कुठे आणि किती आहे, हे कळण्यासाठी विहिरीत केबलला बांधून उपकरणे सोडतात. ती वर ओढताना खोलीनुसार आलेख उमटतो. या आलेखाला ‘लॉग’ म्हणतात. ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे श्लुंबर्गर बंधूंच्या पथकाने असा पहिला विद्युत आलेख काढला.

खारे पाणी वीज वाहून नेते, तेल नेत नाही. त्यामुळे विजेला होणारा रोध वाढला की तेलाची शंका येते. पण छिद्रेच नसलेला घट्ट खडकही असाच रोध दाखवतो! नुसत्या तापावरून निदान होत नाही, तसेच हे. म्हणून सच्छिद्रता वेगळी मोजतात. गॅमा किरणांच्या नोंदीवरून चिकणमातीचे थर ओळखतात. रुग्णालयातील एमआरआय ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावरचे उपकरणही विहिरीत उतरवले जाते.

खरी कसोटी पुढे असते. केबल ताणली जाते, त्यामुळे वेगवेगळ्या नोंदींतील खोली मीटरभर मागेपुढे होऊ शकते. ती जुळवून न घेता पोलादी नळीला छिद्रे पाडली, तर तेलाऐवजी पाणी येऊ शकते आणि कोट्यवधींचा खर्च वाया जातो.

जगभरात सापडलेल्या तेलापैकी साधारण एक तृतीयांशच वर काढता येते. उरलेल्यातले आणखी काही मिळवायचे, तर जुन्या विहिरींचे आलेख पुन्हा वाचावे लागतात. आधी नजरेतून सुटलेला थर त्यातून सापडू शकतो. यासाठी कागदावरचे आलेख संगणकात उतरवले जातात. भारतात २०१७ मध्ये अशा माहितीसाठी राष्ट्रीय भांडार सुरू झाले.

मात्र विहिरीचे नाव, तारीख आणि खोली यांपैकी एकही नोंद चुकली, तर तो आलेख निरुपयोगी ठरतो. घरातल्या वैद्यकीय रिपोर्टांचेही तसेच आहे. नाव आणि तारीख नीट पाहून ते फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवावेत. दहा वर्षांपूर्वीचा ईसीजी आजच्या ईसीजीशेजारी ठेवला, तर डॉक्टरांचे निदान सोपे होते.