खडकवासला : पुण्याच्या पाण्याचे शेवटचे दार

सिंहगडावरून उतरताना मुठा नदीवर जो रुंद जलाशय दिसतो, तो माणसाने अडवलेला आहे. इंग्रज अभियंता फाइफ याच्या योजनेनुसार हे दगडी धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले आणि पुणे व आसपासच्या शेतीला कालव्याचे पाणी मिळू लागले.

आज त्याची साठवण आहे जेमतेम 1.97 टीएमसी (अब्ज घनफूट). पुण्याची तहान एवढ्यावर भागणे शक्यच नाही. खरा साठा वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत असतो. तिथून सोडलेले पाणी खडकवासल्यात येते आणि इथून शहराकडे व कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीकडे जाते. वाटप इथून होते, म्हणून शहर आणि शेती यांच्यातला पाण्याचा वादही दर उन्हाळ्यात इथेच येऊन ठेपतो. दोन्ही बाजूंची गरज खरी आहे.

12 जुलै 1961 रोजी बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्याला पेलवला नाही, तेही फुटले आणि नदीकाठचे पुणे बुडाले. खडकवासल्याचे धरण पुढे दुरुस्त करून पुन्हा भरले गेले.

काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. रस्त्यालगतच्या चौपाटीवर पावसाळ्यात कांदाभजी आणि भाजलेली कणसे खायला गर्दी लोटते. अवश्य जा, पण पाण्यात उतरू नका आणि कचरा परत घेऊन या. हेच पाणी पुणेकरांच्या नळाला येते.